सोळा इथरनेट ड्रायव्हर काढले तेव्हा: फ्रीबीएसडी १२ ते १३ या प्रवासाचा प्रकरण अभ्यास

फ्रीबीएसडी ही युनिक्ससारखी मुक्त ऑपरेटिंग प्रणाली. एप्रिल २०२१ मध्ये तिची १३.० ही आवृत्ती आली, तेव्हा तिच्यात सोळा इथरनेट ड्रायव्हर (नेटवर्क कार्ड चालवणारा कोड) नव्हते. त्यांची नावं बीएम, सीएस, डीई, ईडी, ईपी, ईएक्स, एफई, पीसीएन, एसएफ, एसएन, टीएल, टीएक्स, टीएक्सपी, व्हीएक्स, डब्ल्यूबी आणि एक्सई. हा कोड मे २०१९ मध्येच मुख्य शाखेतून निघाला होता. त्याआधी ऑक्टोबर २०१८ मध्ये फ्रीबीएसडीचे डेव्हलपर ब्रुक्स डेव्हिस यांनी प्रस्ताव मांडला होता. फ्रीबीएसडीच्या कम्युनिटी प्रस्तावांमध्ये त्याचा क्रमांक ०१०१, आणि विषय १० व १०/१०० मेगाबिट कार्डांचे ड्रायव्हर निवृत्त करण्याचा. जुनं हार्डवेअर मुख्य कर्नलमधून (प्रणालीच्या गाभ्यातून) कसं काढावं, काढताना काय बिघडतं आणि ज्याच्या मशीनमध्ये तेच कार्ड आहे त्याने नेमकं काय करावं, हे सगळं या एका प्रकरणात बघायला मिळतं.

‘जेनेरिक’ हे फ्रीबीएसडीसोबत तयार येणाऱ्या कर्नलच्या कॉन्फिगरेशन फाईलचं नाव. बहुतेक लोक तेच कर्नल चालवतात. ‘मुख्य कर्नलमधून काढणं’ याचे दोन वेगळे अर्थ होतात आणि चर्चेत ते हमखास एकमेकांत मिसळतात. पहिल्या अर्थी जेनेरिकच्या फाईलमधली ‘डिव्हाइस’ची ओळ जाते, पण सोर्स (मूळ कोड) आणि मॉड्यूल (कर्नलला वेगळा जोडता येणारा तुकडा) शिल्लक राहतात. अशा वेळी लोडरच्या (बूटच्या वेळी कर्नल उचलणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कॉन्फिगरेशनमध्ये मॉड्यूल लोड करायची एक ओळ टाकली की कार्ड पुन्हा चालतं. दुसऱ्या अर्थी सोर्सच फ्रीबीएसडीच्या कोडच्या झाडातून (संग्रहातून) जातो, मग लोड करायला काही उरतच नाही. इथे दुसरी गोष्ट झाली, म्हणून तयारी आधी करावी लागते. अपग्रेड झाल्यावर सुचलेला उपाय इथे कामाला येत नाही.

काढायची गरज का पडली

चालणारा ड्रायव्हर पडून राहिला तर काय बिघडतं, हा प्रश्न रास्त आहे. अडचण अशी की ड्रायव्हर पडून राहत नाही. नेटवर्क स्टॅकमधली एखादी आतली रचना बदलली की ती वापरणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरच्या फाईलमध्ये हात घालावा लागतो. २०१८ मध्ये इंटरफेसच्या आयओसीटीएल विनंतीतला (प्रोग्रॅम कर्नलला जिच्यातून सूचना देतो तिच्यातला) डेटा पॉइंटर थेट वाचण्याऐवजी एका फंक्शनमार्फत वाचायचा, असा बदल झाला. ६४ बिट कर्नलवर ३२ बिट प्रोग्रॅम चालवताना पॉइंटरचा आकार वेगळा पडतो, म्हणून तो आवश्यक होता. दिसायला एका ओळीचा बदल, पण ती ओळ डझनावारी ड्रायव्हरमध्ये विखुरलेली. त्यातले कित्येक अशा कार्डांचे की बदल करणाऱ्याकडे ते कार्ड नाही आणि ते लावायला आयएसए या जुन्या पद्धतीच्या स्लॉटचा मदरबोर्डही नाही.

मग बदल ‘कंपाइल होतंय ना’ एवढ्यावर सोडला जातो. अशा ड्रायव्हरमध्ये चूक शिरली तर ती वर्षानुवर्षं कुणाला दिसत नाही, आणि दिसते तेव्हा ती आणणाऱ्याला संदर्भ आठवत नाही. एवढी वर्षं पाठिंबा असलेलं कार्ड काढणं वापरणाऱ्याला निष्ठुर वाटतं, हे समजण्यासारखं आहे. पण कुणीच चालवून न पाहिलेला ड्रायव्हर यादीत ठेवून त्याला ‘सपोर्टेड’ म्हणणं ही त्याच वापरणाऱ्याची फसवणूक आहे. त्याच काळात आयएफलिब हा सामाईक सांगाडाही रुजत होता. रिंग, इंटरप्ट, रांगा यांचा सगळ्या ड्रायव्हरना लागणारा भाग एका जागी आणायचा आणि ड्रायव्हरमध्ये फक्त चिपपुरता कोड ठेवायचा, ही त्यामागची कल्पना. इंटेलचा गिगाबिटचा ईएम ड्रायव्हर १२.० मध्ये त्यावर आला. १९९० च्या दशकातल्या आयएसए कार्डांसाठी तेवढी मेहनत कोण घेणार?

कोण गेलं, कोण राहिलं

प्रस्तावाच्या नावात १०/१०० असलं तरी निकष निव्वळ वेगाचा नव्हता. तसा असता तर आरएल, एफएक्सपी, एक्सएल, डीसी, व्हीआर, एसआयएस हेही गेले असते. हे सगळे १०० मेगाबिटवालेच, पण १३.० च्या जेनेरिकमध्ये ते आहेत. लोकांना जाहीर विचारलं गेलं की यातलं काय तुम्ही आजही चालवता, आणि उत्तरं पाहून यादी कमी केली गेली.

व्हीआर आणि एसआयएस राहण्याचं कारण सहज कळतं. पीसी इंजिन्सचे एलिक्स बोर्ड आणि सोक्रिसचा नेट५५०१ यांच्यावर व्हिआ ऱ्हाइनची चिप सोल्डर केलेली असते. सोक्रिसच्या त्याआधीच्या नेट४५०१ वर नॅशनल सेमिकंडक्टरची, म्हणजे एसआयएसवाली. छोट्या फायरवॉलसाठी ही यंत्रं जगभर वापरात होती. त्यात कार्ड बदलायची सोयच नसते, त्यामुळे ड्रायव्हर गेला की अख्खी पेटी भंगारात जाते.

आरएल म्हणजे रिअलटेक ८१३९. या चिपबद्दल मूळ ड्रायव्हर लिहिणाऱ्या बिल पॉल यांनी सोर्समध्येच लिहून ठेवलंय की पीसीआय इथरनेट कंट्रोलरमध्ये याहून वाईट बहुधा कधी बनलाच नसेल. तक्रारीला कारण होतं. आलेली पॅकेट चिप एकाच सलग बफरमध्ये ओतते, त्यामुळे प्रत्येक पॅकेट सीपीयूला कॉपी करावं लागतं. पाठवताना बफर विशिष्ट सीमेवर जुळवलेला नसेल तर तिथेही कॉपी. तरीही हे कार्ड स्वस्त होतं म्हणून सगळीकडे होतं. लॅमिंग्टन रोडवर जुळवलेला तेव्हाचा पीसी उघडला तर ही चिप निघण्याची शक्यता फार मोठी. वापर जास्त, म्हणून आरएल राहिला. आमच्या मते या प्रकरणातला हा सर्वांत शहाणा निर्णय. ड्रायव्हरचं आयुष्य चिपच्या दर्जावर ठरलं नाही. वापरणारी माणसं आहेत आणि बिघडलं तर कळवतील, एवढ्यावर ठरलं.

गेलेल्यांपैकी ईडी म्हणजे एनई२००० आणि त्याची भावंडं, ईपी म्हणजे थ्रीकॉमचं ३सी५०९, व्हीएक्स म्हणजे ३सी५९०-५९५, टीएल म्हणजे कॉम्पॅकच्या नेटेलिजंट कार्डांवरची टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची थंडरलॅन, एक्सई म्हणजे झिरकॉमची लॅपटॉपमधली पीसीएमसीआयए कार्डं. बीएम फक्त अॅपलच्या पॉवरपीसी मॅकसाठी होता. डीई हा डेक कंपनीच्या ट्युलिप चिपचा जुना ड्रायव्हर. त्याच घराण्यातली २११४३ आणि तिच्या नकला डीसी चालवतो, म्हणून डीसी राहिला आणि डीई गेला.

काढण्याची पद्धत

पहिलं काम कोड काढायचं नव्हतं, सांगायचं होतं. कर्नलमध्ये ‘गॉन इन’ नावाचं छोटं फंक्शन आहे. ड्रायव्हरला कार्ड सापडून तो जोडला गेला की ते एक ओळ छापतं. ‘ईडी०:’ अशी सुरुवात, पुढे हा कोड कालबाह्य असून फ्रीबीएसडी १३ मध्ये काढला जाईल हा मजकूर, आणि प्रस्तावाचा पत्ता. ही ओळ ज्या मशीनमध्ये ते कार्ड खरोखर आहे तिथेच उमटते. प्रकाशन टिपा वाचणारे थोडे असतात आणि त्यातल्या बहुतेकांकडे ते कार्ड नसतं. बूटच्या संदेशांत ज्याला ही ओळ दिसते, त्याच्यासाठीच ती असते. सोबत प्रत्येक ड्रायव्हरच्या मॅन पेजवरही (माहितीच्या पानावरही) १३.० पासून तो नसेल अशी टीप टाकली गेली.

कोड काढताना एका ड्रायव्हरसाठी किती जागी हात लागतो हे अशा कामात उतरणाऱ्याने आधी मोजावं. ड्रायव्हरची स्वतःची डिरेक्टरी, कर्नलच्या फायलींची यादी, प्रत्येक आर्किटेक्चरची जेनेरिक फाईल, सर्व पर्यायांची नोट्स फाईल, मॉड्यूलची मेकफाईल आणि मॉड्यूलांच्या यादीतली ओळ, मॅन पेज आणि त्याची यादी, आयएसए कार्ड असेल तर हिंट्स फाईलमधल्या ओळी. शेवटी ‘ऑब्सोलीट फाइल्स’च्या यादीत मॅन पेजची नोंद, म्हणजे सोर्सवरून अपग्रेड करणाऱ्याने ‘मेक डिलीट-ओल्ड’ चालवल्यावर जुनं पान निघून जातं. ‘अपडेटिंग’ फाईलमध्ये तारखेसह नोंद. यातली एक जागा सुटली तर amd64 वर (नेहमीच्या ६४ बिट पीसीवर) सगळं ठीक दिसतं आणि दुसऱ्याच आर्किटेक्चरचा बिल्ड मोडतो. म्हणून शेवटी सगळ्या आर्किटेक्चरचे सगळे कर्नल बांधून बघावे लागतात. एका ड्रायव्हरसाठी एक कमिट (कोडमधल्या बदलाची एक नोंद) ठेवणंही इथे सोयीचं. एखाद्याचा वापर उशिरा उघड झाला तर तेवढाच परत आणता येतो, बाकीचे पंधरा हलत नाहीत.

वापरणाऱ्याच्या मशीनवर काय बिघडतं

खऱ्या आयएसए कार्डावर सर्व्हर चालवणारे २०२१ मध्ये मोजकेच उरले होते, आणि आपल्याकडे काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. फसण्याची खरी शक्यता व्हर्च्युअल मशीनवाल्यांची होती. व्हर्च्युअल मशीनमधलं कार्ड जुनं होत नाही, धूळ खात नाही, त्यामुळे दहा-पंधरा वर्षांपूर्वी निवडलेला प्रकार तसाच चालू राहतो.

मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही या व्हर्च्युअल मशीनच्या सॉफ्टवेअरमधलं ‘लेगसी नेटवर्क अॅडॅप्टर’ हे डेकच्या २११४० चं सोंग आहे. फ्रीबीएसडीत ते डीई ड्रायव्हरवर चालायचं. हायपर-व्हीचे स्वतःचे ड्रायव्हर फ्रीबीएसडीत १०.० पासून आले. त्याआधी बसवलेल्या मशीनमध्ये हे लेगसी कार्डच असायचं, आणि चालतंय म्हटल्यावर कुणी बदललं नाही. १३ वर गेल्यावर ते कार्ड दिसेनासं होतं. उपाय म्हणजे मशीन बंद करून साधं ‘नेटवर्क अॅडॅप्टर’ जोडायचं. ते एचएन० म्हणून दिसतं. मात्र पहिल्या पिढीच्या हायपर-व्ही मशीनमध्ये नेटवर्कवरून बूट फक्त लेगसी कार्डावरून होतं. पीएक्सईवर, म्हणजे अशा नेटवर्क बूटवर, अवलंबून असाल तर ती घडी आधी बदला.

क्यूईएमयू या तशाच सॉफ्टवेअरमध्ये ‘एनई२के_पीसीआय’ हा प्रकार निवडलेला असेल तर ती रिअलटेक ८०२९, म्हणजे ईडी. तिथे ई१००० किंवा व्हर्टआयओ घ्या.

व्हर्च्युअलबॉक्सची गोष्ट जरा वेगळी, आणि ती जेनेरिक फाईलमधल्या एका शेऱ्यात दडलेली होती. १२ मध्ये पीसीएनच्या ओळीपुढे लिहिलेलं असायचं की याला ‘एलई’वर अग्रक्रम आहे. एएमडीच्या पीसीनेट चिपा दोन्ही ड्रायव्हरना चालवता येतात, दोन्ही असतील तर पीसीएन जिंकतो. १३ मध्ये पीसीएन गेला, एलई राहिला. म्हणजे व्हर्च्युअलबॉक्समधलं ‘पीसीनेट-फास्ट ३’ कार्ड चालतं, पण पीसीएन० चं नाव एलई० होतं. कार्ड जिवंत, लिंक जिवंत, आणि तरी नेटवर्क नाही, कारण आरसी.कॉन्फ या सेटिंगच्या फाईलमध्ये पत्ता पीसीएन० ला दिलेला आहे. स्टार्टअप स्क्रिप्टला ते नाव सापडत नाही आणि ती गप्प पुढे जाते.

नाव बदलण्याचा त्रास आरसी.कॉन्फपुरता थांबत नाही. पीएफ या फायरवॉलच्या नियमांत बाहेरच्या इंटरफेसचं नाव असतं. नियमात इंटरफेसचा पत्ता कंसाशिवाय वापरला असेल, तर इंटरफेस नसताना पत्ता सापडत नाही आणि संपूर्ण नियमफाईल लोड व्हायला नकार देते. नियमच लोड झाले नाहीत तर पीएफ अडवणार काय? नेटवर्क परत आणायच्या घाईत ही गोष्ट हमखास विसरली जाते. नवीन कार्डावर पिंग सुरू झालं की काम झालं असं समजू नका, पीएफसीटीएलने नियम प्रत्यक्ष लागलेत का ते बघा. व्हीलॅन, ब्रिज, जेल आणि डीएचसीपी सर्व्हरच्या इंटरफेस यादीतही तेच जुनं नाव असतं.

स्वतः कर्नल बांधणाऱ्यांना वेगळा धक्का बसतो. जेनेरिकची प्रत काढून त्यात फेरफार केलेली जुनी फाईल १३ च्या सोर्सवर चालवली की कॉन्फिग प्रोग्रॅम ‘ईडी’ हे डिव्हाइस माहीत नाही म्हणून थांबतो. ही त्यातल्या त्यात चांगली चूक, कारण ती रीबूटच्या आधी कळते. फाईलमध्ये सुरुवातीला जेनेरिक ‘इन्क्लूड’ करून खाली फक्त आपले फरक लिहिले, तर हा प्रश्न पुन्हा येत नाही.

१२ मधली मॉड्यूलची फाईल उचलून १३ मध्ये ठेवण्याचा मोह होतो. ती लोड होत नाही. मॉड्यूलमध्ये कर्नलची आवृत्ती कोरलेली असते आणि लिंकर ‘कर्नल उपलब्ध नाही किंवा आवृत्ती जुळत नाही’ असं सांगून ती नाकारतो. जबरदस्तीने चालवण्यात अर्थही नाही, आतल्या रचनांचे आकार बदललेले असतात.

अपग्रेडच्या आधी

आधी मशीनमध्ये काय आहे ते बघा. ‘इफकॉन्फिग -एल’ने इंटरफेसची नावं मिळतात. शेवटचा अंक काढला की ड्रायव्हरचं नाव उरतं, ते वरच्या सोळांत आहे का बघा. इंटरफेसचं नाव आधीच बदललेलं असेल तर ही युक्ती चालत नाही. मग ‘पीसीआयकॉन्फ -एलव्ही’ चालवा, ओळीच्या सुरुवातीला खरा ड्रायव्हर दिसतो. आयएसए कार्ड मात्र त्या यादीत येत नाही, त्यासाठी ‘/वार/रन’ मधली बूट संदेशांची फाईल वाचा. कालबाह्यतेची सूचनाही तिथेच सापडेल. ती नाही म्हणजे निर्धास्त, असं मात्र धरू नका. ११.२ जून २०१८ मध्ये आलं, म्हणजे प्रस्तावाच्याही आधी. त्यावरून थेट १३ वर उडी मारणाऱ्याला ही ओळ कधी दिसलीच नसेल.

सर्वांत खात्रीची तपासणी दहा मिनिटांची आहे. १३ ची इन्स्टॉलरची प्रतिमा पेनड्राइव्हवर घेऊन मशीन त्यावरून बूट करा, इन्स्टॉल न करता ‘लाइव्ह’ पर्याय निवडा आणि तिथे पुन्हा इंटरफेसची यादी आणि ‘पीसीआयकॉन्फ -एलव्ही’ बघा. कार्ड ‘नन०’ नावाने आलं आणि वर्ग ०२०००० दिसला, तर हार्डवेअर आहे पण ड्रायव्हर नाही. व्हर्च्युअल मशीनला आयएसओ जोडून हेच करता येतं.

कार्ड यादीत निघालं तर १२ वर असतानाच बदला. पीसीआय स्लॉट असेल तर इंटेलचं प्रो/१००० जीटी हे ३२ बिट पीसीआय कार्ड चांगलं, ईएम ड्रायव्हरवर चालतं. स्लॉट नसेल तर यूएसबी इथरनेट, पण जुन्या बोर्डाचा पोर्ट यूएसबी १.१ असेल तर वेग १२ मेगाबिटच्या पुढे जाणार नाही.

कार्ड बदलण्याआधी आरसी.कॉन्फमध्ये इंटरफेसला आपलं नाव द्या: ‘इफकॉन्फिग_ईडी०_नेम’ या चलाची किंमत ‘लॅन०’ करा, आणि पत्ता, पीएफचे नियम, व्हीलॅन सगळीकडे लॅन० वापरा. रीबूट करून सगळं चालतंय याची खात्री करा. मग कार्ड बदललं की फक्त एका ओळीतलं ईडी० काढून ईएम० लिहायचं.

नव्या कार्डाबरोबर मॅक पत्ता बदलतो. डीएचसीपीमध्ये पत्ता राखून ठेवलेला असेल तर तिथली नोंद बदला. आपल्याकडे गल्लीतल्या केबल इंटरनेटवाल्यांपैकी बरेच जण जोडणी मॅक पत्त्याला बांधून ठेवतात. तिथे एक तर त्यांना फोन करून नवा पत्ता कळवा, नाहीतर ‘/इटीसी’ मध्ये त्या इंटरफेसची ‘स्टार्ट_इफ’ फाईल करून त्यात जुना मॅक पत्ता लावा.

अपग्रेड करताना एक थांबा महत्त्वाचा. ‘फ्रीबीएसडी-अपडेट’ सगळ्या फायली आधीच उतरवून घेतं. पहिल्या ‘इन्स्टॉल’मध्ये फक्त कर्नल बसतं, मग रीबूट, मग दुसऱ्या ‘इन्स्टॉल’मध्ये बाकीची प्रणाली. पहिल्या रीबूटनंतर थांबा आणि नेटवर्क तपासा. या टप्प्यावर माघार सोपी असते: लोडरच्या मेनूतून जुनं कर्नल निवडलं की १२ चं कर्नल आणि १२ चीच प्रणाली, दोन्ही जुळतात. दुसरा टप्पा झाल्यावर मात्र जुन्या कर्नलवर नवी प्रणाली चालवावी लागेल, आणि तिची हमी कुणी देत नाही. झेडएफएस फाईल सिस्टिम असेल तर सुरुवातीलाच ‘बीईसीटीएल’ने बूट एन्व्हायर्नमेंट (बूट करता येईल अशी प्रणालीची प्रत) करून ठेवा, मग कुठूनही मागे येता येतं. हे सगळं करताना मशीनसमोर माणूस किंवा सिरियल कन्सोल हवा. एकाच कार्डावरच्या दूरच्या मशीनमध्ये एसएसएचच्या (दुरून लॉगिन करण्याच्या) भरवशावर हे करू नका, लोडरचा मेनू एसएसएचवर दिसत नाही.

ज्यांना हार्डवेअर बदलणं शक्यच नव्हतं, त्यांच्यासाठी १२ ची शाखा होती. तिला ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळाल्या. ऑक्टोबर २०१८ च्या प्रस्तावापासून मोजलं तर पाच वर्षांहून थोडा अधिक अवधी. त्या अवधीत मशीन एकदाही रीबूट न झालेलं असेल, तर कालबाह्यतेची ती ओळ मालकापर्यंत पोचलीच नसणार. ती फक्त कार्ड जोडताना, म्हणजे बूटच्या वेळी छापली जाते. रोजच्या सुरक्षा तपासणीची स्क्रिप्ट रूटला जी मेल पाठवते, तिच्यातही कालबाह्य ड्रायव्हरचं नाव जायला हवं होतं. ती मेल बूटची वाट बघत नाही.